ओके कॉम्प्युटर, आता जरा हळू!

१९९७ सालचा एक अल्बम. तेव्हा तो भविष्याबद्दल वाटला होता. परवा पुन्हा ऐकला, तर चक्क आपल्या ऑफिसबद्दल निघाला!

गेल्या जुलैमधली गोष्ट. रात्रीचे साडेदहा. मुंबईहून पुण्याला परत येत होते. एक्स्प्रेसवेवर कामशेतचा बोगदा मागे पडला आणि पावसानं गाठलं. धो धो. गाडीत मी एकटी. फोन स्पीकरवर, कॉल चालू. पलीकडे अमेरिकेतला क्लाएंट आणि आमच्या टीममधले चौघं. स्लाइड नंबर चौदावर चर्चा रंगलेली. माझा स्पीड पंच्याण्णव. रस्त्यात साचलेल्या पाण्यावर चाकं गेली, स्टिअरिंग एकदम हलकं झालं आणि पुढच्या क्षणी गाडी कडेच्या लोखंडी कठड्यावर.

धडाम!

एअरबॅग म्हणजे मऊमऊ उशी असेल, अशी माझी कल्पना होती. तसं काही नसतं हो. ती थोबाडीत मारल्यासारखी येते. फटाक्यांसारखा वास, गाडीभर पांढरी भुकटी, कानात शिट्टी. हात-पाय हलवून पाहिले. सगळं जागच्या जागी. मनगट तेवढं ठणकत होतं. आणि त्या शांततेत, सीटखाली पडलेल्या फोनमधून आवाज आला, 'हॅलो? आर यू देअर?'

मी काय म्हणाले असेन?

'येस. प्लीज कंटिन्यू.'

शप्पथ. हेच म्हणाले.

घरी पोचले तेव्हा सगळे म्हणाले, देवाची कृपा. सकाळी ऑफिसमधून 'टेक केअर'चा मेसेज आला आणि पाठोपाठ मीटिंगचे मिनिट्स. मनगटाला पट्टा बांधून मी सोफ्यावर बसले होते आणि डोक्यात एक गिटार वाजत होती. जाडजूड, करवतीसारखी. कुठलं बरं गाणं हे? आठवलं तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. गाण्याचं नावच 'एअरबॅग'! रेडिओहेडच्या 'ओके कॉम्प्युटर'मधलं पहिलं गाणं. हा अल्बम मी किमान पंधरा वर्षं ऐकला नव्हता.

साठ मिनिटांची टेप

तुमच्यापैकी बरेच जण १९९७ मध्ये बालवाडीत असतील, काही जन्मलेही नसतील. म्हणून जरा बॅकग्राउंड सांगते. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॅम्पसमध्ये वायटूकेचं वारं. सन २००० उजाडताच जगातले जुने कॉम्प्युटर तारखेचा घोळ घालणार आणि तो निस्तरायला आपल्याला बोलावणार, या आशेवर जो तो कोबोलचा क्लास लावत होता. इंटरनेट आपल्याकडे येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तेही कुर्रर्र-किर्रर्र करत फोनलाइनवरून यायचं. कॉम्प्युटर म्हणजे नोकरी, परदेश, नशीब. आम्ही सगळे त्याला 'ओके' म्हणायला एका पायावर तयार होतो.

माझ्या रूममेटचा दादा मुंबईत नोकरीला होता. पगार झाला की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन निम्मा उडवायचा. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. बातमी वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले होते. असो.) त्या दादानं हा अल्बम साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून पाठवला. गंमत बघा, बारा गाणी, एकूण साधारण त्रेपन्न मिनिटं. पहिली सहा गाणी ए साइडच्या तीस मिनिटांत अगदी फिट्ट. सहावं गाणं 'कर्मा पोलिस'. ते शेवटी एखादं यंत्र बिघडावं तसं विरघळत जातं आणि तेवढ्यात वॉकमनचं बटण खटकन वर यायचं. कॅसेट उलटायची, प्ले दाबायचं, की एक निर्जीव यांत्रिक आवाज बोलायला लागायचा. बी साइडला शेवटी सहा मिनिटं उरली होती. तिथे दादानं किशोरकुमार भरला होता. वाया कशाला घालवायची टेप!

तेव्हा आम्हाला या अल्बममधलं काय कळलं? खरं सांगायचं तर इंग्रजी शब्द निम्मेही नाही. पण हॉस्टेलच्या गच्चीवर बसून आम्ही जाम सीरियसली म्हणायचो, 'बॉस, हे फ्यूचर आहे. रोबो येणार, माणूस संपणार.' आणि खाली जाऊन कोबोलचं सबमिशन पूर्ण करायचो.

सफरचंदांची शेड, नटीची हवेली

आता या मंडळींची ओळख. थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवुड बंधू, एड ओब्रायन आणि फिल सेलवे. पाचही जण इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनचे, एकाच शाळेतले. सरावाचा वार शुक्रवार, म्हणून बँडचं पहिलं नाव 'ऑन अ फ्रायडे'. १९९२ मध्ये आलेल्या 'क्रीप' या गाण्यानं पुढे जग जिंकलं आणि तेच गाणं मानगुटीवर बसलं. जिथे जातील तिथे पब्लिकला तेवढंच हवं. १९९५ मध्ये 'द बेंड्स' हा दुसरा अल्बम आला, समीक्षक खूश झाले आणि पाठोपाठ टूर, टूर आणि टूर. बस, विमान, हॉटेल, स्टेज, इंटरव्ह्यू, पुन्हा बस. थोडक्यात, आपल्या सेल्सवाल्यांचं आयुष्य.

या दमलेल्या पोरांनी पुढच्या अल्बमसाठी नामांकित प्रोड्यूसर घेतला नाही. 'द बेंड्स'च्या वेळी इंजिनिअर असलेला, पंचविशीतला नायजेल गॉडरिच बरोबर घेतला. कंपनीकडून मिळालेल्या साधारण एक लाख पौंडांची स्वतःची यंत्रसामग्री उभी केली आणि डिडकॉटजवळच्या एका शेडमध्ये डेरा टाकला. पूर्वी तिथे सफरचंदं ठेवायचे. टॉयलेट नाही, जेवणाची सोय नाही! मग १९९६ च्या शरदात सगळं सामान उचलून बाथजवळच्या 'सेंट कॅथरिन्स कोर्ट' या जुन्या हवेलीत नेलं. हवेलीची मालकीण कोण? जेन सीमूर, बॉन्डपटातली नटी!

आणि इथेच खरी मेख आहे. ज्या अल्बमच्या नावात कॉम्प्युटर आहे, तो घडला दगडी भिंतींच्या जुन्या घरात. बरंचसं वाजवणं सगळ्यांनी एकत्र बसून, थेट. 'एक्झिट म्युझिक'मध्ये थॉमचा आवाज असा घुमतो, कारण तो दगडी जिन्यात गायला. ते घुमणं मशिनचं नाही, घराचं आहे. 'लेट डाउन' रेकॉर्ड झालं पहाटे तीन वाजता, नाचाच्या दिवाणखान्यात. ऐकताना ती सामसूम जाणवते.

म्हणजे वेगाला वैतागलेल्या माणसांनी एका निवांत जागी जाऊन, स्वतःच्या सोयीनं, वेगाबद्दलचा अल्बम केला. आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गाणी बोलतात

सोफ्यावर बसून मी हेडफोन लावला. 'एअरबॅग' सुरू झालं. थॉम यॉर्कच्या गाडीला १९८७ मध्ये अपघात झाला होता, त्यात त्याच्या मैत्रिणीच्या मानेला मार बसला. तेव्हापासून गाडी या प्रकाराची धास्ती त्याच्या मनात बसली. पण गाणं भीतीचं नाहीये. मरता मरता वाचलेल्या माणसाला आपण कुणीतरी खास आहोत, असं जे वेडं वाटतं, त्या आनंदाचं आहे. वीस वर्षांची असताना मला ते गाणं कूल वाटायचं. आता ऐकताना मला तो पांढऱ्या भुकटीचा वास आला. आणि लाज वाटली. हा बाबा वाचल्यावर उडतोय आणि मी वाचल्यावर 'प्लीज कंटिन्यू' म्हणाले!

त्यातले ड्रम तेवढे लक्ष देऊन ऐका. फिल सेलवेच्या वाजवण्यातले काही सेकंदांचे तुकडे काढून ते कॉम्प्युटरवर पुन्हा जोडलेत. डीजे शॅडोच्या रेकॉर्ड ऐकून सुचलेली आयडिया. लय चालते, पण मध्येच लंगडते. अपघातानंतर उठून उभं राहताना पाय जसे लटपटतात ना, तसं.

मग 'पॅरानॉइड अँड्रॉइड'. साडेसहा मिनिटांना थोडं कमी, आणि त्यात तीन-चार गाण्यांचा मसाला. सुरुवातीला तर ते चौदा मिनिटांच्या घरात होतं. १९९६ मध्ये ॲलनिस मॉरिसेटच्या शोआधी वाजवताना त्यांनी ते अमेरिकन पब्लिकवर आजमावून पाहिलं. नाव घेतलंय डग्लस ॲडम्सच्या 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी'मधल्या मार्विन या कायम वैतागलेल्या रोबोवरून. अल्बमचं नावही त्याच गोष्टीतल्या एका वाक्यातून आलंय. पण गाण्याचं मूळ कुठलं? लॉस एंजेलिसमधल्या एका बारमध्ये थॉमला भेटलेली नशेतली, ओरखडायला उठलेली गर्दी. म्हणजे रोबो नाहीच, माणसंच.

'कर्मा पोलिस' हा तर आपला शब्द! टूरवर बँडमध्ये कुणी आगाऊपणा केला, की बाकीचे म्हणायचे, थांब, तुला कर्माचे पोलिस धरतील. करावे तसे भरावे, फक्त ब्रिटिश हद्दीत. पूर्वी मला हे गाणं दुसऱ्यांना शाप देणारं वाटायचं. आता शेवटी तो माणूस स्वतःच भरकटल्यासारखा गातो, ते जास्त ऐकू येतं.

आणि मग ते. 'फिटर हॅपिअर'. आमच्या बी साइडचा यांत्रिक आवाज. हे गाणंच नाही. मॅकिंटॉश कॉम्प्युटरमधला तयार आवाज दोनेक मिनिटं एक यादी वाचतो. चांगल्या, सुदृढ, कामसू माणसानं कसं असावं याची. व्यायाम, आहार, सहकाऱ्यांशी सलोखा, पैशांचं नियोजन. हॉस्टेलमध्ये आम्ही हा ट्रॅक फॉरवर्ड करायचो. बोअर! आता ऐकला आणि हसू आवरेना. कारण अगदी अशीच यादी माझ्या ऑफिसची वेलनेस मेल मला दर सोमवारी पाठवते. पावलं मोजा, पाणी प्या, श्वास घ्या. माझ्या घड्याळानं तर अपघाताच्या रात्री साडेअकराला मला आठवण केली होती, 'आज तुमचं उभं राहण्याचं टार्गेट अपूर्ण आहे.'

हसता हसता थांबले. त्या यादीतली एकही गोष्ट वाईट नाही. वाईट एवढंच, की ती वाचणारा आवाज कुणाचाच नाही.

'नो सर्प्रायझेस'ही असंच फसवं. लहान मुलांच्या खेळण्यातून यावी तशी किणकिण आणि खाली एक दमलेला, हार मानलेला माणूस. ग्रँट जीनं केलेला त्याचा व्हिडिओ बघाच. थॉमचं डोकं काचेच्या हेल्मेटमध्ये, पाणी हळूहळू वर चढतं, नाकातोंडावरून जातं आणि तो गप्प राहतो. पुढे पाणी उतरतं आणि तो पुन्हा गायला लागतो, जणू काही झालंच नाही. ओळखीचं वाटलं? मला वाटलं. येस, प्लीज कंटिन्यू!

कॉम्प्युटर? तो तर निमित्त

अल्बम जूनमध्ये इंग्लंडमध्ये आला. त्याआधी अमेरिकेतल्या कंपनीनं तो ऐकून कपाळाला हात लावला होता. हिट गाणं कुठाय यात? विक्रीचा अंदाज वीस लाखांवरून थेट पाच लाखांवर आणला म्हणे. झालं भलतंच. इंग्लंडमध्ये अल्बम नंबर वन. १९९८ मध्ये ग्रॅमी. आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घातला.

बँडला याचा आनंद झाला? 'मीटिंग पीपल इज ईझी' ही १९९८ ची डॉक्युमेंटरी मिळाली तर पाहा. तीही ग्रँट जीचीच. तेच ते प्रश्न, तीच ती हॉटेलं. अल्बमची टूर चालली आणि थॉम यॉर्क स्वतःच्याच गाण्यांत अडकत गेला. यश मिळालं, पण बस काही थांबली नाही.

सगळ्यांनी तेव्हा या अल्बमला टेक्नॉलॉजीचा इशारा म्हटलं. २०१७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, यॉर्कनं सांगितलं, की तेव्हाची त्याची धास्ती जास्त करून माणसं एकमेकांशी कशी वागतात, याबद्दलची होती. यंत्रांची भाषा त्यानं फक्त वापरली. कॉम्प्युटर निमित्तमात्र!

हे वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. त्या रात्री फोननं मला 'प्लीज कंटिन्यू' म्हणायला लावलं नव्हतं. क्लाएंटनंही नाही. त्या बिचाऱ्याला काय घडलंय, याचा पत्ताही नव्हता. म्हणाले मी. वीस-बावीस वर्षांच्या सवयीनं.

शेवटचं गाणं 'द टूरिस्ट' जॉनी ग्रीनवुडचं. फ्रान्समध्ये धावत धावत ठिकाणं 'उरकणारे' पर्यटक बघून त्याला हे सुचलं. सगळ्या अल्बमच्या गोंगाटानंतर हे गाणं मुद्दाम सावकाश चालतं. शब्दांमध्ये, सुरांमध्ये मोकळी जागा. ते ऐकणाऱ्याला सांगतं, जरा हळू. आणि मग एक छोटीशी घंटी. टिंग. संपलं. सुरुवात अपघातानं, शेवट ब्रेकनं. पंचवीसहून जास्त वर्षं हे माझ्या कपाटात पडून होतं आणि मला दिसलं नव्हतं.

अजून म्हातारा नाही झालाय

तुम्हाला वाटेल, ही आमच्या पिढीची नॉस्टॅल्जिया आहे. अजिबात नाही. २०१७ मध्ये न ऐकलेल्या गाण्यांसह त्याची नवी आवृत्ती निघाली. २०१९ मध्ये तर थ्रिलरच झाला. त्या काळातल्या तासन् तास रेकॉर्डिंगच्या मिनीडिस्क कुणीतरी चोरल्या. बँडनं काय करावं? सगळं रेकॉर्डिंग स्वतःच अठरा पौंडांना अठरा दिवस विकायला काढलं आणि पैसे पर्यावरण चळवळीला देऊन टाकले. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'लेट डाउन' हे कधी मोठं हिट न झालेलं गाणं टिकटॉकवरून फिरत फिरत अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० मध्ये शिरलं. तब्बल अठ्ठावीस वर्षांनी! त्याला तिथे नेणारी पोरं-पोरी अल्बम आला तेव्हा पाळण्यातही नसतील.

का नेलं असेल? मला वाटतं, ते गाणं रोज प्रवास करून दमणाऱ्यांचं आहे म्हणून. मेट्रो, बस, कॅब, कंपनीची शटल. मान खाली, कानात इअरफोन, आणि आत कुठेतरी चिरडल्यासारखं वाटणं. पण गाणं तिथेच सोडून देत नाही. शेवटी दोन आवाज एकमेकांत गुंफत वर चढतात आणि काही सेकंद खरंच हलकं वाटतं. आमच्या टीममधल्या चोवीस वर्षांच्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, 'मॅम, ते तर माझं लॉगआउटचं गाणं आहे.' मी काय बोलणार!

आणि हो, वेग कमी केल्यावर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१५ मध्ये जॉनी ग्रीनवुड आणि नायजेल गॉडरिच जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात येऊन राहिले. शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादकांबरोबर बसून 'जुनून' हा अल्बम केला. पुन्हा दगडी भिंती, पुन्हा निवांत जागा, पुन्हा एकत्र बसून वाजवणं. सवय चांगली असेल, तर तीही सुटत नाही म्हणायची.

मनगटाचा पट्टा सुटला. गाडी गॅरेजमधून आली. नंतर पहिल्यांदाच एक्स्प्रेसवेवर होते आणि फोन वाजला. क्लाएंट. घशाला कोरड पडली. गाडी फूड मॉलवर घेतली, उतरले आणि मग फोन केला. म्हटलं, 'मी गाडी चालवतेय. घरी पोचल्यावर, दोन तासांनी बोलते.' वाटलं, आता आभाळ कोसळणार.

तो म्हणाला, 'शुअर.'

बास. एवढंच. बावीस वर्षांत मी हे कधी विचारूनच पाहिलं नव्हतं.

असा ऐका

सलग ऐका : शफल बंद. त्रेपन्न मिनिटं काढा. एक मीटिंग कॅन्सल झाली, असं समजा.

मध्ये थांबा : 'कर्मा पोलिस' संपल्यावर एक मिनिट शांत बसा. कॅसेट उलटायला तेवढा वेळ लागायचाच.

फॉरवर्ड करू नका : 'फिटर हॅपिअर' पूर्ण ऐका. मग तुमच्या ऑफिसची शेवटची वेलनेस मेल उघडा.

गाडी चालवताना नको : निदान पहिल्यांदा तरी. गच्चीवर, गॅलरीत, दिवा मालवून.

ऑटोप्ले बंद : शेवटच्या टिंगनंतर पुढचं गाणं ॲपला निवडू देऊ नका. स्वतः निवडा. माझ्यापुरतं म्हणाल, तर किशोर!